झाडीपट्टीचा कोसा

कापडाच्या नावात पुष्कळदा एखादे गाव दडलेले असते. इंग्लंडच्या पूर्वेस नॉरफोक परगण्यात वर्स्टेड नावाचे एक लहानसे खेडे आहे. मध्ययुगात फ्लँडर्सकडून आलेले विणकर त्या भागात स्थायिक झाले. लांब धाग्याची लोकर फणीने विंचरून, तिचे घट्ट पिळाचे सूत काढून, त्याचे गुळगुळीत व टिकाऊ कापड ते विणू लागले. त्या कापडाला गावाचेच नाव पडले. गाव एवढे संपन्न झाले की, चौदाव्या शतकाच्या अखेरीस तेथे एखाद्या शहरास शोभावे असे भव्य प्रार्थनामंदिर उभे राहिले. पुढे विणकर नॉर्विच शहरी गेले, यंत्रयुगात तो धंदा यॉर्कशायरच्या गिरण्यांत गेला, आणि गावातले माग थांबले. आज जगभर कोटाच्या कापडाला 'वर्स्टेड' म्हणतात; परंतु ते एका खेड्याचे नाव आहे, हे शिंप्यालाही ठाऊक नसते.

आपल्याकडेही अशी उदाहरणे आहेत. गोदातीरावरील पैठणने पैठणीला नाव दिले, आणि आज पैठणी विणणारे बहुसंख्य माग येवल्यात आहेत. मुंबईतील डोंगरी या वस्तीत जे जाडेभरडे सुती कापड विकले जाई, त्यावरून इंग्रजी भाषेत 'डंगरी' हा शब्द गेला, असे कोशकार मानतात. खलाशांचे व कामगारांचे कपडे त्या कापडाचे होत. गाव मागे राहते आणि नाव दूरदेशी निघून जाते, असे हे चमत्कारिक प्रवास आहेत.

परंतु महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेला, वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, एक असे वस्त्र तयार होते की ज्याला कोणत्याच गावाचे नाव मिळाले नाही. आरमोरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली ही तिकडची गावे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या या वनमय प्रदेशाला लोक झाडीपट्टी म्हणतात. (गडचिरोली हा पूर्वी चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता, 1982 साली तो निराळा जिल्हा झाला.) तेथल्या वस्त्राचे नाव 'कोसा'. हे नाव गावाचे नव्हे, तर एका अळीने स्वतःसाठी बांधलेल्या घराचे आहे. संस्कृतात घर, वेष्टन किंवा पेटी या अर्थी 'कोश' हा शब्द आहे. त्यावरून 'कौशेय' म्हणजे रेशमी वस्त्र हा शब्द कसा सिद्ध होतो, हे पाणिनीने आपल्या व्याकरणात सांगितले आहे. एवढा जुना हा शब्द झाडीपट्टीतला निरक्षर माणूसही रोज सहज उच्चारतो.

रेशीम म्हटले की, आपल्या डोळ्यांपुढे तुतीची पाने खाणारी पांढरी अळी येते. ती अळी हजारो वर्षांपूर्वी चीनमध्ये माणसाने माणसाळविली. ती घरात, टोपलीत वाढते. तिच्या पतंगाला नीट उडताही येत नाही, आणि माणसाने सांभाळल्यावाचून ती जगूच शकत नाही. कोशाची अळी तशी नव्हे. ती रानाची रहिवासी आहे. ऐन आणि अर्जुन या वृक्षांची पाने हे तिचे आवडते अन्न. झाडीपट्टीत ऐनाला 'येन' म्हणतात. मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीचा हा वृक्ष चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात सागाच्या सोबतीने जागोजागी आढळतो. घरात आणून वाढवू म्हटले तर ही अळी रुसते. तिला उघडे आकाश, वारा आणि झाड हवे असते. म्हणून येथे अळी माणसाच्या घरी राहावयास येत नाही, माणूसच अळीच्या घरी राहावयास जातो. या धंद्याचे सारे सुखदुःख या एका गोष्टीत साठले आहे.

तिचे वर्ष मृगाच्या पावसापासून सुरू होते. हिवाळ्यात जमविलेले बियाण्याचे कोसे दोऱ्यात ओवून, त्यांच्या माळा करून हवेशीर घरात टांगून ठेवलेले असतात. आतला कोशस्थ किडा सारा उन्हाळा निश्चल पडून असतो. बाहेर वैशाखाचे ऊन कितीही तापो, त्याला जाग येत नाही. पावसाची चाहूल लागली, हवेत ओल आली की आत हालचाल सुरू होते. किड्याच्या तोंडातून एक द्रव पाझरतो, त्याने कोशाचे एक टोक मऊ होते, आणि रात्रीच्या वेळी पतंग बाहेर येतो. नर तांबूस, मादी पिवळसर आणि आकाराने मोठी. दोहोंच्या चारी पंखांवर काचेच्या चकत्यांसारखे पारदर्शक डोळे असतात. या पतंगाला अन्न घेता येईल असे तोंडच नसते. अळी असताना जे खाल्ले असेल त्याच शिदोरीवर तो थोडे दिवस जगतो, आणि दीड-दोनशे अंडी घालून मादी मरून जाते.

आठदहा दिवसांत अंडी फुटतात. इवल्या पिवळसर अळ्या पानांच्या द्रोणात घालून ते द्रोण ऐनाच्या फांद्यांना बांधतात. पाने कोवळी व हाताशी यावीत म्हणून ही झाडे आधीच छाटून ठेवलेली असतात. अळ्या द्रोणातून आपसूक फांदीवर चढतात आणि खाऊ लागतात. त्यानंतर त्यांना दुसरे कामच नसते. पहिली कात टाकल्यावर त्या हिरव्या होतात. अशा चार वेळा त्या कात टाकतात आणि महिना-दीड महिन्यात माणसाच्या बोटाहून जाड होतात. एका झाडाची पाने संपली की, पाळणारा अळ्यांसकट फांदी कापतो आणि दुसऱ्या झाडावर नेऊन ठेवतो. अळीला हाताने ओढून काढलेले चालत नाही. ती फांदीला एवढी घट्ट धरून असते की, ओढली तर तिचे पायच तुटतात.

झाडीपट्टीत हे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आले ते मुख्यतः ढिवर लोक. ढिवर हा मासेमारी करणारा समाज. तळी, बोड्या आणि नद्या हे त्याचे शेत. पावसाळ्यात नदीला पूर आला की जाळे ठेवून तो रानात जातो, हे ऐकून प्रथम नवल वाटते. पण विचार केला तर यात मोठी व्यवस्था दिसते. रानात तो ऐनाच्या झाडांजवळ लहानशी खोपटी उभारतो. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत त्याला पहारा करावा लागतो. कारण हिरवी, लुसलुशीत, जागेवरून न हलणारी अळी म्हणजे रानातील सगळ्यांनाच मेजवानी. दिवसा कावळे आणि इतर पक्षी येतात. त्यांना हाकलण्यासाठी गलोल असते. झाडाच्या बुंध्यावरून मुंग्यांची रांग चढते. ढेकूणजातीचे किडे आपली सोंड अळीत खुपसून तिचा रस शोषतात, गांधीलमाश्या तिला उचलून नेतात. एक माशी तर अळीच्या अंगावरच आपली अंडी घालते. तिची पिलावळ आत वाढते आणि अळी कोसा विणण्याआधी किंवा विणल्यावर आतल्या आत मरते. शिवाय मुसळधार पावसाने लहान अळ्या धुऊन जातात. आणि पाळणाऱ्याच्या स्वतःच्या जिवाचे काय? चंद्रपूर-गडचिरोलीची राने ही वाघाची राने आहेत, आणि पावसाळा हा सापांचा ऋतू आहे.

एवढी अनिश्चितता ज्या धंद्यात असते, तेथे माणूस देवाचा आधार शोधतो. अळ्या झाडावर असेपर्यंत पाळणारे अनेक जण मांसाहार सोडतात, अंगाची व मनाची स्वच्छता पाळतात, विटाळलेल्या माणसाला झाडांजवळ फिरकू देत नाहीत. आजचे शास्त्र या सगळ्याचे समर्थन करणार नाही. तरी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अळ्यांचे पुष्कळसे रोग संसर्गाने पसरतात, आणि जो माणूस बाहेरच्यांची ये-जा बंद ठेवतो त्याच्या झाडांवर रोगही कमीच येतो. कारण ठाऊक नव्हते, पण अनुभव खरा होता.

या रोगांपैकी 'पेब्रिन' नावाचा रोग सर्वांत घातक. एकोणिसाव्या शतकात त्याने फ्रान्समधील रेशीम धंदा जवळजवळ बुडविला होता. तेव्हा 1865 पासून काही वर्षे लुई पाश्चर या थोर शास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला. रोग मादीकडून अंड्यांत उतरतो, हे त्याच्या ध्यानात आले, आणि त्याने एक साधा उपाय सांगितला: अंडी घातल्यावर प्रत्येक मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी, आणि तिच्यात रोगाचे कण दिसले तर तिची अंडी जाळून टाकावी. आजही रोगमुक्त अंडीपुंज असेच तयार होतात. महाराष्ट्र शासनाने 1997 साली रेशीम संचालनालय स्थापन केले, त्याचे मुख्य ठिकाण नागपूर. केंद्रीय रेशीम मंडळही बियाण्याचे काम करते. एका फ्रेंच पंडिताची युक्ती आरमोरीच्या बाजूच्या खोपटीपर्यंत अशी येऊन पोहोचली आहे.

कोसा बांधण्याची रीत पाहण्यासारखी असते. पूर्ण वाढलेली अळी दोनतीन पाने धाग्याने जोडून एक झोळी करते. मग झोळीबाहेर अंग काढून ती जवळच्या डहाळीभोवती धाग्याची एक अंगठी विणते, आणि त्या अंगठीपासून झोळीपर्यंत मजबूत देठ तयार करते. हे झाल्यावरच ती आत शिरते आणि स्वतःभोवती धागा गुंडाळू लागते. तुतीच्या अळीच्या कोशाला असा देठ नसतो. टोपलीत पडून राहणाऱ्याला देठाची गरज काय? पण येथे पाने गळून पडतील, वादळ येईल, माकडे फांद्या हलवतील, आणि घराने मात्र सहा-सहा महिने झाडाला लटकून राहिले पाहिजे. म्हणून देठ आणि अंगठी. शेवटी अळी एक द्रव सोडते. त्यातील क्षारांनी आणि झाडाच्या पानांतून आलेल्या तुरट द्रव्याने कोसा कठीण व पिवळसर-तपकिरी होतो. वाळलेला कोसा हातात घेतला तर एखादी लाकडी सुपारी घेतल्यासारखी वाटते, आणि हलविला तर आतला किडा खुळखुळतो.

झाडीपट्टीत एका वर्षात अशी तीन पिके निघू शकतात. पहिले पावसाळ्याच्या आरंभी, मुख्यतः बियाण्यासाठी, शेवटचे हिवाळ्यात. या भागात जी देशी जात परंपरेने वाढविली जाते, तिला शास्त्रज्ञांनी 'भंडारा' हेच नाव दिले आहे. म्हणजे कापडाला नाही तरी किड्याला तरी गावाचे नाव मिळाले! भंडारा जातीचा कोसा आकाराने लहान असतो, पण तो या हवापाण्याला रुळलेला आहे. कोसे वजनावर नव्हे, मोजून विकतात, आणि कोसा लहान की मोठा, कठीण की पोचट, यावर दर ठरतो.

कोसा तयार झाला म्हणजे धागा तयार झाला असे नाही. पतंग बाहेर पडला तर कोसा फुटतो आणि धागा सलग राहत नाही; म्हणून बियाण्याचे कोसे वगळून उरलेल्यांतील किडा वाफेने किंवा उन्हाने मारावा लागतो. ही गोष्ट पुष्कळांना क्रूर वाटते, आणि ती तशी आहेच. फुटलेले कोसे मात्र वाया जात नाहीत. त्यांचे कापसासारखे सूत काढतात, त्याला घिचा म्हणतात. त्याचे कापड खरखरीत पण उबदार होते. सलग कोसे सोड्याच्या किंवा पूर्वी राखेच्या पाण्यात उकळतात, म्हणजे त्यांचा डिंक सुटतो. मग पाचसहा कोशांचे तंतू एकत्र धरून त्यांचा एक धागा ओढतात. हे काम सर्वस्वी बायकांचे. मध्य भारतात आणि पूर्वेकडील राज्यांत ते उघड्या मांडीवर केले जाई: एका हाताने तंतू ओढावयाचे, दुसऱ्या हाताने मांडीवर वळावयाचे. राख, तेल आणि दिवसभराचे घर्षण यांनी कातडी सोलून निघे. ज्या वस्त्राला आपण सोवळ्यात पवित्र मानले, त्याचा प्रत्येक वार अशा सोललेल्या कातडीवरून आलेला असे. ही पद्धत बंद व्हावी म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने 'बुनियाद' नावाचे लहान यंत्र पुढे आणले आहे. ते विजेवर चालते, आणि बाईला खुर्चीवर बसून धागा काढता येतो.

धागा कोष्ट्यांच्या घरी जातो. विणकरी हा कोष्टी समाजाचा वंशपरंपरागत व्यवसाय. नागपूर, उमरेड, पवनी, आंधळगाव, नागभीड, आरमोरी येथपर्यंत त्याची वस्ती पसरली आहे. विदर्भातील कोशाचे वैशिष्ट्य म्हणजे त्याची करवती किनार. किनारीवर एकापुढे एक असे टोकदार त्रिकोण असतात. ते करवतीच्या दात्यांसारखे दिसतात, म्हणून हे नाव. कोणी त्यांना देवळांची शिखरेही म्हणतात. अंग कोशाच्या नैसर्गिक सोनेरी रंगाचे, आणि काठ लाल, हिरवा किंवा काळा. हे दाते कापडावर छापलेले नसतात, भरतकामाचेही नसतात. विणकर एकाऐवजी तीन धोटे वापरतो: डाव्या काठाचा एक, मधल्या अंगाचा एक आणि उजव्या काठाचा एक. प्रत्येक ओळीत काठाचा बाणा आणि अंगाचा बाणा जेथे भेटतात, तेथे ते एकमेकांत अडकवावे लागतात. दोन मुलांनी बोटात बोट अडकवावे तसे. ही भेटीची जागा दर ओळीला थोडी पुढे सरकवीत नेली, आणि टोक गाठल्यावर पुन्हा मागे आणली की एक दाता तयार होतो. एक दाता चुकला तर साऱ्या लुगड्याच्या काठावर ती चूक डोळ्यांत भरते. यंत्रमागाला असा काठ सहजासहजी साधत नाही. विदर्भाच्या या करवती वस्त्राला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. म्हणजे अन्यत्र विणलेल्या कापडाला ते नाव लावणे कायद्याने गैर ठरते.

कोशाला चकाकी बेताची. तुतीच्या रेशमाचा तंतू नितळ असतो. कोशाचा चपटा व सच्छिद्र असतो. त्यामुळे तो प्रकाश परत फेकतो तो मंद करून, आणि अंगाला गार लागतो. रंगही त्याला सहज चढत नाही. इंग्लंडमधील थॉमस वॉर्डल नावाच्या रंगाऱ्याने हिंदुस्थानातील रानरेशमांचा ध्यास घेतला, आणि त्यांना रंगविण्याच्या रीती शोधून 1878 साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांचे नमुने मांडले. त्यानंतर युरोपात या रेशमाला मागणी वाढली. माझ्या मते मात्र कोशाला रंग द्यावा लागत नाही, हेच त्याचे खरे वैभव आहे. पिकलेल्या धानाचा आणि वाळल्या गवताचा जो रंग, तोच त्याचा.

या मुलखाला हातमागाचे महत्त्व सांगावे लागले नाही. 1936 च्या फेब्रुवारीअखेरीस तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील सावली या खेड्यात गांधी सेवा संघाचे अधिवेशन भरले होते, आणि त्यासाठी स्वतः गांधीजी तेथे आले होते. आडवाटेचे ते गाव, पण खादीच्या कामामुळे त्याचे नाव देशाला माहीत होते.

आता अडचण कोठे आहे ते सांगितले पाहिजे. ऐनाची झाडे ज्याची, त्याच्याच हाती हा धंदा. झाडीपट्टीतील बहुतेक रान शासनाच्या वनखात्याच्या ताब्यात आहे, आणि कोसा पाळणाऱ्याला झाडे छाटण्यासाठी व वापरण्यासाठी परवानगी लागते. 2006 साली संसदेने वनहक्क कायदा केला. त्यात गौण वनोपज म्हणजे काय हे सांगताना बांबू, मध, मेण, लाख आणि तेंदूची पाने यांच्या ओळीत टसर आणि कोश यांचीही नावे स्पष्ट घातली आहेत. गडचिरोली जिल्ह्यातीलच मेंढा (लेखा) या गावाला 2009 साली आपल्या रानावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळविणाऱ्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक होय. परंतु ढिवर समाजाची गणना महाराष्ट्रात अनुसूचित जमातींत होत नाही. जे लोक अनुसूचित जमातींत नाहीत, त्यांना या कायद्याखाली हक्क मागताना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, आपण तेथे राहून रानावर जगत होतो हे दाखवावे लागते. ज्यांचे घर पावसाळ्यात खोपटी आणि उन्हाळ्यात नदीकाठ, त्यांच्याजवळ 75 वर्षांचे कागद असावेत ही अपेक्षा मोठी आहे. कायद्याने वडीलधाऱ्यांची साक्षही पुरावा म्हणून मान्य केली आहे. ती नोंदवून घेणारा कोणी भेटावा लागतो एवढेच.

दुसरी अडचण बाजारातील. भारतातील टसराचे सर्वांत मोठे उत्पादन झारखंड राज्यात होते, आणि देशातील अनेक मागांवर ताण्यासाठी चीनहून आलेला एकसारखा, गुळगुळीत धागा चढविला जातो. तो तुटत नाही, म्हणून विणकराला सोयीचा पडतो. त्यामुळे झाडीपट्टीतला कोसा आणि झाडीपट्टीतला माग यांची गाठ पडेलच असे राहिलेले नाही. दुकानात लुगडे उलगडून दाखविणारा माणूस ते 'टसर' म्हणून दाखवितो. त्यातला धागा कोणत्या रानातून आला, हे त्याला विचारले तर त्याला सांगता येत नाही, आणि विचारणाराही विरळाच.

हिवाळ्यात शेवटचे पीक निघते. धान कापून झालेले असते, गावोगाव झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगू लागलेली असतात. रानातली खोपटी मोडून पाळणारा घरी परततो, आणि टोपलीतले कोसे अंगणात ओतून बायकापोरांसह निवडावयास बसतो. भरीव, कठीण कोसे एका बाजूला. पोचट व फुटके दुसऱ्या बाजूला. त्यांतूनही सर्वांत चांगले असतील ते वेगळे काढून दोऱ्यात ओवतात आणि माळ आढ्याला टांगतात. ते विकावयाचे नसतात; ते मृगापर्यंत तेथेच राहतात.